साहेब जेवत नाहीत

गॅरेजात तिला तोफ म्हणत. अर्थात पाठीमागे, समोर म्हणायची कुणाची छाती होती? पण तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही. घरी ती ताई होती. धाकट्या भावाची ताई, त्याच्या बायकोची ताई, आणि जो कोणी दोनदा तिच्या तावडीत सापडला असेल त्या प्रत्येकाची ताई. तर आपणही ताईच म्हणू. उगाच वाईटपणा कशाला घ्या?

ताईचं काम रंगाचं. ठोकलेल्या, घासलेल्या, दार चेपलेल्या गाड्या गॅरेजात यायच्या, पत्रेवाले पत्रा सरळ करायचे आणि मग गाडी ताईच्या ताब्यात यायची. लोकांना वाटतं, त्यात काय, पांढऱ्या गाडीला पांढरा आणि लाल गाडीला लाल. छे हो! गाडी काही वर्षं उन्हात उभी राहिली की तिचा पांढरा पहिल्यासारखा कुठला राहायला? कंपनीचा डबा उघडून तसाच मारला तर नवं दार ठिगळ लावल्यासारखं दिसतं. म्हणून ताई डब्यात याचा थेंब, त्याचा थेंब घालायची, पत्र्याच्या तुकड्यावर मारून बघायची, तो तुकडा उन्हात नेऊन गाडीला टेकवायची आणि एक डोळा मिटून म्हणायची, "अजून झोपलाय." मग डबा पुन्हा हलवायची. हलवायची म्हणजे कशी, तर अगदी खांद्यापासून. चमकीचे रंग तळाशी बसतात, त्यांना असं गदागदा उठवल्याशिवाय ते कामाला लागत नाहीत. डबे हलवायचं एक यंत्र होतं गॅरेजात. त्याच्यावर ताई आपला जेवणाचा डबा ठेवायची.

उमेदवारीच्या काळात एकदा नीट न हलवलेल्या डब्यातून तिनं एका गाडीचं अख्खं बॉनेट रंगवलं होतं, आणि ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पुन्हा खरवडावं लागलं होतं. तेव्हापासून हातात बाटली आली की हात आपोआप चालायचा. खोकल्याचं औषध असो, तेल असो, पाण्याची बाटलीसुद्धा सुटायची नाही. "ताई, पाणी आहे गं ते," भाऊ म्हणायचा. "असू दे. तेही आळशी असतं," ताई म्हणायची आणि बूच उघडून घटाघटा प्यायची.

आईवडील लवकर गेले तेव्हा भाऊ शाळेत होता. ताई गॅरेजात काम मागायला गेली तर मालक म्हणाला, "बाई, हे बाईचं काम नाही." ताई म्हणाली, "का? डब्यावर लिहिलंय?" मालकाला उत्तर सुचलं नाही आणि ते सुचेपर्यंत ताई कामाला लागली होती. लग्नाची बोलणी आली नाहीत असं नाही. एकजण बरा वाटला होता. पण तो म्हणाला, भावाचं काहीतरी बघावं लागेल. "बघतेच आहे," ताई म्हणाली, आणि त्याला त्याची चप्पल दाखवली. भाऊ शिकला, नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, भावजय घरात आली.

भावजय अबोल. मुळातच अबोल की या घरात येऊन झाली, कोण जाणे. आल्या आल्या एकदा तिनं हौसेनं स्वयंपाकघर नव्यानं लावलं होतं. संध्याकाळी ताई घरी आली, तोंडातून एक शब्द काढला नाही, आणि एकेक डबा उचलून होता त्या जागी नेऊन ठेवला. त्यानंतर भावजयीनं त्या घरात स्वतःच्या मनानं काही हलवलं नाही. दुष्टपणा म्हणावा तर तसंही नव्हतं. भावजय आजारी पडली की तिच्या उशाशी ताईच बसायची, आणि तिला कुणी वाकडं बोललेलं ताईला खपत नसे. ताईचं फक्त एवढंच होतं की तिचं बरोबर असायचं. कायम. असं माणूस प्रेमळ असलं तरी त्याच्याशी बोलायचं कुठून?

आणि या घरात साहेब होते.

साहेब म्हणजे बोका. एका आपटलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं तर इंजिनाच्या सांदीत ग्रीसनं बरबटलेलं, मुठीएवढं काहीतरी फिस्कारत होतं. पत्रेवाला म्हणाला, टाका बाहेर, जगायचं नाही हे. "तू जगलास ना?" ताई म्हणाली आणि पिल्लू ओढणीत गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी ते मालकाच्या खुर्चीत जाऊन बसलं आणि मालक आला तरी उठेना. तिथं त्याचं नाव पडलं साहेब. मालकानं साहेबांना बडतर्फ केलं आणि ताईनं घरी आणलं. तेव्हापासून घरात "साहेब उठले का", "साहेबांची गैरसोय झाली" असंच बोलायची रीत पडली. भाऊ ताईच्या पदरात पडला होता, कामाला ती पोटासाठी लागली होती, घर वडलांचं होतं. साहेब तेवढे तिनं स्वतः निवडले होते. आपल्याला हवं म्हणून आणलेली तिच्या जन्मातली ती पहिली गोष्ट होती.

तर हे साहेब अलीकडे पाणी फार पिऊ लागले. वाटी रिकामी करून न्हाणीतल्या बादलीकडे जायचे. खायचे राक्षसासारखं आणि तरी वाळत चालले होते. पाठीचा कणा हाताला लागायला लागला तेव्हा ताईनं त्यांना टोपलीत घातलं, भावजयीला बरोबर घेतलं आणि जनावरांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणजे दारातून तिरके होऊन आत यावं लागेल असा आडव्या अंगाचा माणूस, पण आवाज एवढा हळू की पुढे वाकून ऐकावं लागायचं. त्यानं रक्त तपासलं आणि सांगितलं, मधुमेह आहे. रोज सकाळी आणि संध्याकाळी, जेवण पोटात गेलं की इन्सुलिनचं इंजेक्शन द्यायचं.

"मांजराला मधुमेह?" भाऊ नंतर घरी हसला. ताईनं त्याच्याकडे असं बघितलं की ते हसू त्याला गिळावं लागलं.

आता इंजेक्शन कसं द्यायचं ते डॉक्टरची मदतनीस बाई दोघींना दाखवणार होती. पण तेवढ्यात बाहेर बाकावर बसलेल्या एका गृहस्थाचा कुत्रा साहेबांच्या टोपलीवर भुंकला. साहेब टोपलीतल्या टोपलीत कोपऱ्याला चिकटले. झालं! ताई तरातरा बाहेर गेली. कुत्र्याला वळण नसेल तर मालकाला तरी असावं, इथपासून सुरुवात झाली आणि गृहस्थ कुत्र्यासकट रस्त्यावर जाऊन उभा राहिला तेव्हाच ती आत आली. मदतनीस बाईचं दाखवून होत आलं होतं. बाकीचं सगळं भावजयीनं एकटीनंच पाहिलं होतं.

"पुन्हा दाखवू का?" मदतनीस बाईनं विचारलं.

"कशाला? सुईच टोचायची ना? मी गाडीच्या आरशाएवढ्या जागेत चार छटा मारते. हात कापत नाही माझा."

घरी आल्यावर तिनं जाहीर केलं की साहेबांच्या औषधाला तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. सकाळी कामावर जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर ती फ्रीजमधून बाटली काढायची, गदागदा हलवायची, उजेडात धरून औषध सिरिंजमध्ये ओढायची आणि साहेबांच्या मानेमागची कातडी चिमटीत धरून टोचायची. हात खरंच कापायचा नाही. साहेबांना कळायचंही नाही. भावजय दारात उभी राहून बघायची. एकदोनदा तिनं तोंड उघडलंसं वाटलं, पण ताईनं "काय गं?" म्हटल्यावर ती "काही नाही, चहा टाकते," म्हणून आत गेली.

शुगर मात्र उतरेना. डॉक्टरनं डोस वाढवला. तरी उतरेना. पुन्हा वाढवला. आणि मग एका सकाळी साहेबांनी वाटी हुंगली आणि तोंड फिरवलं.

ज्यांच्या घरी असं दुखणं आलंय त्यांना यातली मेख कळेल. पोटात अन्न नसताना इन्सुलिन दिलं तर साखर एकदम खाली जाते आणि जीव जाऊ शकतो. आणि न द्यावं तर साखर वर चढत राहते, त्यानंही जीव जाऊ शकतो. दोन्हीकडून कोंडी. ताईनं डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर त्याच्या त्या हळू आवाजात म्हणाला, इंजेक्शन देऊ नका, आधी काहीतरी खायला घालायचं बघा, आणि नाहीच खाल्लं तर संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही, घेऊन या.

"खाणार नाही म्हणजे काय? त्यांच्या बापाला खावं लागेल," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

चिकन उकडून बारीक केलं. नाही. कोमट करून दिलं. नाही. अंडं दिलं, डब्यातला मासा दिला, त्या माशाचं पाणी बोटावर घेऊन ओठाला लावलं. साहेबांनी जिवावर आल्यासारखं ओठ चाटले आणि डोळे मिटून घेतले. एरवी फ्रीजच्या दाराचा आवाज आला तरी झोपेतून उठून हजर होणारा प्राणी! ताईनं स्वतःच्या बोटाचा वास घेतला आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. थिनर. मांजर आधी नाकानं खातं आणि मग तोंडानं. आपल्या हाताला रंगाच्या थिनरचा वास येतो, म्हणून साहेबांना अन्न नकोसं होतंय. दुसरं काय असणार?

तिनं हात साबणानं घासले, मग भांड्याच्या घासणीनं घासले, कातडी लाल होईपर्यंत घासले. आणि गॅरेजात फोन करून सांगितलं की आज येणार नाही.

"कोण आजारी आहे?" मालकानं विचारलं.

"साहेब."

"कोण साहेब?"

"तुमच्या खुर्चीत बसलेले."

"मांजरासाठी रजा? अहो, ती निळी गाडी संध्याकाळी द्यायची आहे. लोक काय म्हणतील?"

"तुमचा मेहुणा सासरच्या भांडणासाठी महिनाभर घरी बसला तेव्हा लोक काय म्हणाले? तेच म्हणतील," ताई म्हणाली. "ती गाडी उद्या घेऊन जा म्हणावं. पळून जाणार आहे का ती? तिला चाकं आहेत, पण किल्ली तुमच्याच खिशात आहे."

शेजारीण साखर मागायला डोकावली. साहेबांकडे बघून तिनं चकचक केलं आणि म्हणाली, "ताई, वय झालं हो त्याचं. आता सुटू द्या बिचाऱ्याला."

"तुमच्या सासूबाईंचं वय काय?" ताईनं विचारलं. शेजारीण साखर न नेताच परत गेली.

दुपारी साहेबांनी पिवळं पाणी ओकलं आणि ओकून त्याच जागी मान टाकली. त्यांना स्वतःच्या अंगाला लागलेलं चाटायचंही सुचलं नाही. ताई तिथंच फरशीवर बसून पुसत राहिली. भाऊ कामावरून लवकर आला होता. तो तिच्या शेजारी उकिडवा बसला.

"ताई, ऐकशील का? जनावर आहे ते. त्याला कळत नाही तू का टोचतेस ते. त्याचे हाल होतायत, तुझे होतायत. डॉक्टर झोपेचं इंजेक्शन देतात. शांतपणे जाईल."

"तू लहानपणी तापानं फणफणलास, तेव्हा तुलाही कळत नव्हतं मी का कडू औषध पाजते," ताई म्हणाली. "टोपली आण."

भावजयही बरोबर निघाली. दवाखान्यात डॉक्टरनं साहेबांचं तोंड हुंगलं, रक्त घेतलं, आत जाऊन आला. या वेळी त्याचा आवाज आणखी हळू झाला होता. शरीराला साखर वापरता येत नाहीय, म्हणून ते अंगातली चरबी जाळत सुटलंय, आणि त्यातून रक्तात आम्ल साचलंय, असं त्यानं सांगितलं. भूक त्यानंच मेली होती. थिनरचा काही संबंध नव्हता.

"सलाईन लावू. नाकातून नळी घालून खाणं देऊ. पण वाचेलच असं मी म्हणणार नाही. काही लोक इथं थांबतात. त्यात वाईट काही नाही."

भावानं ताईच्या खांद्यावर हात ठेवला. ताईनं तो झटकला. "लावा सलाईन."

डॉक्टर तरी उठेना. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या होत्या. "मला एक कोडं पडलंय. डोस दोनदा वाढवला. एवढ्या इन्सुलिननं शुगर खाली यायलाच हवी होती. तुम्ही कसं देता ते एकदा दाखवाल का?"

"म्हणजे मला येत नाही?"

"असं कुठं म्हटलं मी? दाखवा फक्त."

"रोज सकाळ-संध्याकाळ देते. एक दिवस चुकवला नाही. परीक्षा माझी कसली घेता, औषधाची घ्या ना!" ताईचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला. पण बोलता बोलता तिनं पिशवीतून बर्फात गुंडाळलेली बाटली काढली होती, आणि बाटली हातात आल्याबरोबर हात चालायला लागला होता. गदागदा, खांद्यापासून.

डॉक्टर आणि मदतनीस बाई दोघंही त्या हाताकडे बघत राहिले. ताई थांबली. "काय झालं?"

डॉक्टरनं तिच्या हातातून बाटली घेतली आणि दिव्यासमोर धरली. आत फेस झाला होता. "रोज असंच हलवता?"

"मग? तळाशी बसतं ते."

"बसतं. म्हणून तळहातांमध्ये धरून हळूच फिरवायचं असतं. असं जोरानं हलवलं तर हे औषध खराब होतं. आणि फेसामुळे सिरिंजमध्ये किती येतंय त्याचाही भरवसा राहत नाही." त्यानं बाटली टेबलावर ठेवली. "म्हणजे इतके दिवस त्याच्या अंगात औषध असं फारसं गेलंच नाही."

आणि मग कोपऱ्यातून हुंदका आला. भावजय भिंतीला टेकून उभी होती आणि पदर तोंडाशी धरून रडत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी ह्या बाईंनी दाखवलं होतं. हळू फिरवायचं, हलवायचं नाही म्हणून. मी बघितलं होतं. मी रोज बघत होते."

"मग बोलली का नाहीस?" ताई ओरडली.

भावजयीनं पदर खाली घेतला. "कुणाला? तुम्हाला?"

एवढंच म्हणाली ती. त्यात टोमणा नव्हता, रागही नव्हता. खरंच विचारत होती. गॅरेजात, घरात, दारात, रस्त्यावर, कुणालाही कधीही निरुत्तर करणारी ती बाई टेबलाची कड धरून उभी राहिली. टेबलावर साहेब कापडावर आडवे पडले होते आणि त्यांचं पोट फार भरभर हलत होतं. मीच केलं हे, असं तिला वाटलं. माझ्या हातांनी. तिला रडू आलं, आणि रडायचा सराव नसल्यामुळे ते भलत्याच आवाजात बाहेर पडलं.

भाऊ कळवळला. "जाऊ दे ना ताई. झालं ते झालं. तू मुद्दाम केलंस का? आता नको स्वतःला शिक्षा करून घेऊ, आणि त्यालाही नको. सोडून देऊ या."

त्या शब्दांनी काय झालं कोण जाणे, ताईनं नाक पुसलं आणि ताठ झाली.

"माझी चूक झाली म्हणून त्यांनी मरायचं?" ती म्हणाली. "हे कुठलं गणित आहे रे? चूक माझी, मी भोगीन. शरम वाटतेय, वाटू दे. मरणार नाही मी शरमेनं. डॉक्टर, नळी घाला. नवी बाटली काढा. आणि मला पुन्हा सुरुवातीपासून शिकवा."

डॉक्टरनं तिच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच जरा मोठ्यानं म्हणाला, "ठीक आहे."

पुढचे काही दिवस साहेब दवाखान्याच्या पिंजऱ्यात होते आणि ताई पिंजऱ्यासमोरच्या स्टुलावर. इथं बसायची परवानगी नसते, असं मदतनीस बाईनं सांगून पाहिलं. "मग मला बाहेर काढा," ताई म्हणाली. मदतनीस बाईनं तिच्या दंडाकडे बघितलं आणि विषय सोडला. नळीतून पातळ खाणं कसं सोडायचं ते ताई शिकली. हळू, थांबत थांबत, घाई केली तर ओकारी होते. आयुष्यात कुठलीही गोष्ट हळू केलेली नसल्यानं तिला घाम फुटायचा. मालकाचा फोन आला की ती म्हणायची, "निळा रंग कोपऱ्यातल्या डब्यात केलाय. कुणाकडूनही मारून घ्या. आणि डबा नीट हलवा." मग फोन ठेवून स्वतःवरच चिडायची.

गॅरेजातले एकदोघे साहेबांना बघायला आले, तेव्हा तिनं त्यांना आपण होऊन सगळं सांगितलं. "इंजेक्शनची बाटली मी रंगाच्या डब्यासारखी हलवली. औषध नासलं. हसायचं तर आत्ताच हसा, पुन्हा संधी नाही." पत्रेवाला हसला नाही. तो म्हणाला, "माझ्या हातूनही असंच झालं असतं." ताई म्हणाली, "तुझ्या हातून काहीही झालं असतं, तुझं सांगू नकोस."

साहेब मात्र काही केल्या स्वतःच्या तोंडानं खाईनात. शुगर उतरली, आम्ल गेलं, डोळ्यांत जीव आला, पण वाटी पुढे केली की तोंड भिंतीकडे. भाऊ म्हणाला, मनानंच सोडलंय त्यानं. ताई म्हणाली, तुझं मन तुझ्याजवळ ठेव. आणि मग एका दुपारी शेजारच्या पिंजऱ्यात एक पांढरी मांजर आली, तिच्यासमोर मदतनीस बाईनं मासा ठेवला, आणि नाकात नळी असलेल्या आमच्या साहेबांनी गजांतून पंजा घालून तिच्या वाटीतला तुकडा ओढला आणि मटकावला. पांढरी मांजर किंचाळली. ताई त्याहून मोठ्यानं किंचाळली. "चोरलं! चोरून खाल्लं हो डॉक्टर! अहो या ना, बघा! अजून एक ओढतायत!" डॉक्टर धावत आला, तो हसत होता. भावजय डबा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. ताईनं तिला मिठी मारली, आणि मिठी मारल्यावर दोघींनाही पुढे काय करायचं ते कळेना, म्हणून त्या तशाच उभ्या राहिल्या.

घरी पाठवताना डॉक्टरनं दोघींना समोर बसवलं. या वेळी बाहेर कुत्रा भुंकत होता, पण ताई जागची हलली नाही. डॉक्टर म्हणाला, "एक गोष्ट नीट ऐका. मागचा डोस विसरा. तो मी वाढवला कारण औषध लागू पडत नव्हतं, आणि ते का पडत नव्हतं ते आपल्याला आता कळलंय. नवं औषध चांगलं आहे. त्याचा तेवढाच डोस दिलात तर साखर एकदम खाली येईल, आणि मग मला फोन करायलाही वेळ मिळणार नाही." त्यानं कमी केलेला डोस सांगितला, सिरिंजवरची रेघ दाखवली. ताईनं मान डोलावली. भावजयीनंही डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी वाटीतलं खाणं खाल्लं, थोडं टाकलं, आणि खिडकीच्या उन्हात जाऊन बसले. ताईनं फ्रीजमधून नवी बाटली काढली. मग ती स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून म्हणाली, "अगं, इकडे ये. इथं उभी राहा. माझ्याजवळ."

"मी?"

"तूच. माझं काही चुकलं तर बोलायचं. जोरात बोलायचं."

भावजय आली आणि हात पुसत उभी राहिली. ताईनं बाटली दोन्ही तळव्यांत धरली आणि हळूहळू फिरवली. तिचे खांदे आखडले होते, जीभ दातांत धरली होती. फिरवून झाली. बाटली उलटी करून तिनं सिरिंज घातली आणि दांडा मागे ओढला. मन सुटकेच्या आनंदात होतं आणि हात त्यांच्या सवयीच्या वाटेनं गेले. सिरिंज बाहेर काढून ती साहेबांकडे वळली, त्यांच्या मानेमागची कातडी चिमटीत धरली. साहेबांनी डोळे अर्धे मिटले. सुई कातडीला टेकली.

"थांबा."

आवाज एवढा मोठा होता की साहेब दचकले. बाहेरच्या खोलीत भावानं हातातलं काम थांबवलं. भावजयीनं ताईचं मनगट धरलं होतं, घट्ट.

"जास्त आहे ते," ती म्हणाली. "मागच्या रेघेपर्यंत ओढलंय तुम्ही."

ताईचे डोळे लाल झाले. नाकपुड्या फुलल्या. भाऊ दारात येऊन उभा राहिला होता, आणि त्याला वाटलं, आता तोफ धडाडणार. ताईनं सिरिंज वर उचलून उजेडात धरली. बघितली. पुन्हा बघितली. रेघ मागचीच होती, ज्या रेघेनं आज साहेबांचा जीव गेला असता.

तिनं जादा औषध बाहेर सोडलं. सिरिंज भावजयीसमोर धरली. भावजयीनं वाकून रेघ तपासली आणि मान हलवली. मग सुई आत गेली आणि बाहेर आली, आणि साहेब पुन्हा उन्हाकडे तोंड करून बसले.

ताई मात्र तिथंच उभी होती, रिकामी सिरिंज हातात घेऊन. तिचे हात कापत होते. तिनं भावजयीकडे बघितलं. आवाज बारीक झाला होता.

"आणखी काय काय चुकतं गं माझं?"

भावजयीनं कोपऱ्यातलं स्टूल पुढे ओढलं.

"सांगते," ती म्हणाली. "आधी बसा."